विष कारखान्याचं, रोपं आमच्या वाफ्यात?



आपल्या पाड्यांवर सध्या एक नवीन बोलणं फिरतंय. कारखान्याच्या पाण्याने नासलेली जमीन आता झाडं लावून साफ करता येते म्हणे. झाडंही साधीसुधी नाहीत, प्रयोगशाळेत जनुक बदलून केलेली. ती जमिनीतलं विष खातात आणि काही वर्षांत शेत पुन्हा भाताच्या लायक होतं. तुम्ही फक्त जमीन द्या, आम्ही कुंपण घालू, रोपं लावू, वर मजुरीही देऊ. बोलणारे शिकलेले असतात, गोड बोलतात, हातात रंगीत चित्रांचा कागद असतो. कोणाच्या वतीने आलात असं विचारलं की तेवढं मात्र नीट सांगत नाहीत.

ही गोष्ट पाड्यावरून निघून भाईंदरलाही पोचली. केबिन रोडच्या आजूबाजूला खोल्या घेऊन राहणारे, नाक्यावर उभे राहणारे, बांधकामावर आणि स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत राबणारे आपले भाऊ-बहिणी आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूकडचे. त्यांच्या रविवारच्या बैठकीत यावर चांगलंच भांडण झालं. एक बाजू म्हणाली, जमीन पडूनच आहे, साफ होत असेल तर होऊ द्या की. दुसरी बाजू म्हणाली, गाडीसकट हाकलून लावा. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. आमचं म्हणणं असं की विज्ञानाला शिव्या देऊन चालणार नाही, आणि रंगीत कागदावर अंगठा देऊनही चालणार नाही. आधी समजून घेऊ. मग आमचा विरोध कशाला आहे आणि कशाला नाही ते सांगू.

ही रोपं करतात काय?

झाड मुळातून पाणी ओढतं, पाण्याबरोबर जमिनीतलं बरंवाईट वर जातं. काही झाडं विषारी धातूसुद्धा ओढतात आणि मरत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एक नेचा सापडला, जो आर्सेनिक पानात साठवतो. २००१ साली ते जगाला कळलं. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात सूर्यफुलं तराफ्यावर लावून पाण्यातला किरणोत्सारी अंश ओढायचा प्रयोग झाला. आपल्याकडचा वाळा, पाणकणीस, राई यांच्यातही असे गुण कमी-जास्त आहेत. इथपर्यंत सगळं निसर्गाचंच आहे.

मग शास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक जीवाच्या पेशीत त्याच्या गुणांची चिठ्ठी असते, तिला जनुक म्हणतात. एका जीवाची चिठ्ठी काढून दुसऱ्यात घातली की दुसऱ्याला पहिल्याचा गुण येतो. २००७ साली अमेरिकेत सशाचं एक जनुक पॉप्लर झाडात घातलं. ट्रायक्लोरोएथिलीन नावाचं कारखान्यातलं एक घातक द्रव्य आहे, ते या झाडाने बाटलीतल्या पाण्यातून ९१ टक्क्यांपर्यंत काढलं. साध्या झाडाने फक्त ३ टक्के काढलं. कॅलिफोर्नियात जनुक बदललेली मोहरी शेतात लावली, तिने साध्या मोहरीच्या ४.३ पट सेलेनियम ओढलं. न्यूयॉर्क राज्यात लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानावर जमिनीत बॉम्बची दारू मुरली होती. जिवाणूंची जनुकं घातलेलं गवत तिथे लावलं. २०२१ साली निकाल छापून आला की हे गवत हेक्टरी २७ किलोच्या हिशोबाने ती दारू काढून टाकतं, आणि नुसती साठवत नाही तर मोडून टाकतं.

हे सगळं खरं आहे. आपण खोटं म्हणायचं नाही. पण जागा बघा. एक प्रयोग बाटलीत, एक जिथे वस्ती नाही अशा लष्कराच्या मैदानावर. तिथे कोणाची शेळी चरत नाही, कोणी टाकळा खुडत नाही, कोणी सरपण गोळा करत नाही. आपल्या पाड्यावर हे सगळं रोज होतं. फरक इथून सुरू होतो.

धातू मरत नाही

विष दोन जातीचं असतं, हे पक्कं लक्षात ठेवा. बॉम्बची दारू, रंगाच्या कारखान्याचं रसायन, फवारणीचं औषध ही एक जात. ती मोडता येते, मोडल्यावर तिचं विष जाऊ शकतं. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक ही दुसरी जात. ती मोडत नाही. झाड तिला खात नाही, फक्त उचलतं. मुळातून खोडात, खोडातून पानात. जमिनीतलं विष पानात गेलं, संपलं नाही.

केबिन रोडवरून गाळ्यांत पॉलिशला जाणाऱ्या पोरांना हे आमच्यापेक्षा जास्त कळतं. भांडं घासलं की चकाकतं. घासून निघालेला धातू कुठे जातो? धुळीत जातो, धूळ छातीत जाते. भांडं साफ झालं म्हणून धातू नाहीसा झाला असं कोणी म्हणालं तर तुम्ही हसाल. जमिनीचंही तसंच आहे.

पाऱ्याची गोष्ट तर आणखी वाकडी. जिवाणूचं जनुक घालून अशी रोपं केली गेली जी पारा मातीतून ओढून त्याची वाफ करून हवेत सोडतात. १९९६ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं, २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॅनबरी गावात जुन्या टोप्यांच्या कारखान्याच्या जागेवर अशी झाडं लावूनही बघितली. म्हणजे ज्याच्या शेतातला पारा गेला तो खूश, आणि ती वाफ वाऱ्याबरोबर ज्याच्या डोक्यावर गेली त्याला पत्ताच नाही. आपल्या दारातला कचरा झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटला तर त्याला आपण साफसफाई म्हणत नाही, भांडण म्हणतो.

आता आपल्या पाड्यावर काय होईल ते बघू. आपण भाताच्या रोपासाठी राब भाजतो. झाडाच्या फांद्या, पाला, गवत, शेण पसरून पेटवतो आणि त्या राखेत भात पेरतो. कॅडमियमने भरलेला पाला राबात गेला तर? विष जमिनीतून पानात, पानातून राखेत आणि राखेतून थेट भाताच्या रोपात. आपल्या बाया चुलीला लाकूड आणतात. धूर घरातच फिरतो. शेळीला कुंपण कळत नाही. शेवळं, टाकळा, कुर्डू, करटोली खुडणाऱ्या पोरीला कुठलं पान प्रयोगाचं आणि कुठलं जेवणाचं, हे पाटी लावून कळणार आहे काय?

कागदावर लिहिलेलं असतं की पीक कापून नेऊ. कुठे नेणार? विषारी धातूंनी भरलेला पाला हा घातक कचराच झाला. घातक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, त्यांच्याप्रमाणे तो तळोज्यासारख्या ठिकाणी खास केंद्रात गेला पाहिजे, गाडीची नोंद पाहिजे, प्रत्येक खेपेचा कागद पाहिजे. दर वर्षी, किती तरी वर्षं. ज्या कारखान्याने साधं सांडपाणी नीट साफ केलं नाही, रात्री टँकर ओढ्यात सोडला, त्याचा पैसा घेऊन आलेला माणूस पंधरा वर्षं तुमचा पाला नीट वाहून नेईल, यावर कोणाचा विश्वास बसतो?

आणि मुळं जातात तेवढीच साफसफाई होते. गवताचं, मोहरीचं मूळ उथळ. आपल्याकडे विष बोअरिंगच्या पाण्यापर्यंत उतरलंय. वरची हातभर माती साफ झाली आणि खालचं पाणी तसंच राहिलं, तर तेच पाणी उपसून आपण शेताला देणार आणि माती पुन्हा नासणार. त्याच्याही आधी, नाल्यातून येणारं पाणी बंद झालं नाही तर झाडं लावायची कशाला? नळ चालू ठेवून फरशी पुसायची, आणि पुसायला माणूस आपला.

एकदा सुटलेलं बी परत येत नाही

कागदवाले म्हणतात, रोपं कुंपणात राहतील. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २००३ च्या सुमाराला गोल्फच्या मैदानासाठी जनुक बदललेलं गवत प्रयोगाला लावलं होतं. मोठी कंपनी, मोठं सरकार, सगळी देखरेख. २००४ साली अभ्यासकांना त्याच्या परागाचा पत्ता २१ किलोमीटरवर लागला. बोईसरहून निघालात तर २१ किलोमीटर म्हणजे पालघर मागे टाकून पुढे. पुढे त्या कंपनीला दंड झाला, पण गवत काही दंड भरून परत आलं नाही, कालव्यांच्या कडेने वाढतच राहिलं.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. बीटी कापूस २००२ साली आला. फवारणी कमी होईल म्हणाले. मग बोंडअळीने त्यालाही दाद दिली नाही, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. त्याच वर्षी विदर्भात परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं कापसाचं बेकायदा बियाणं सापडलं. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात ते जाहीरपणे लावलं गेलं. सरकारला कापसाचं बी आवरता आलं नाही. डोंगरातलं गवत आवरता येईल?

आपल्या घरात नागली, वरई, भाताची जी बियाणी मडक्यात, कणग्यात राखलेली आहेत ती आपल्या आज्यांनी राखली. कोणाकडून विकत आणली नाहीत. जनुक बदललेलं रोप मात्र कोणाचं तरी मालकीचं असतं. ही मालकी सुरू कशी झाली ठाऊक आहे? आनंद मोहन चक्रवर्ती नावाच्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत सांडलेलं तेल खाणारा जिवाणू केला. १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की माणसाने बदललेल्या जिवंत जीवावर पेटंट मिळू शकतं. म्हणजे जिवाच्या मालकीचं दार साफसफाईच्या नावानेच उघडलं. तो जिवाणू समुद्रातलं तेल साफ करायला कधी गेला नाही. पण त्या दारातून बियाण्याच्या कंपन्या आत आल्या त्या आजवर आहेत.

कुंपण पडलं की जमीन गेली

आपल्याला झाडांच्या नावाने जमीन जाण्याचा अनुभव नवीन नाही. जंगल खात्याने नैसर्गिक जंगल तोडून साग लावला, निलगिरी लावली, आणि वहिवाटीच्या जमिनीवर चर खणले. महामंडळ आलं, भरपाईच्या वनीकरणाचा निधी आला, २०१६ मध्ये त्याचा कायदा झाला. खाण एका जिल्ह्यात, त्याच्या बदल्यातली झाडं दुसऱ्या जिल्ह्यात आदिवासी कसतो त्या जमिनीवर. झाड चांगलंच असतं, पण झाडाच्या मागे कुंपण येतं, कुंपणामागे चौकीदार येतो आणि चौकीदारामागे नोटीस.

इथेही तोच रस्ता आहे. प्रयोगाची जमीन म्हटली की तीवर जाता येणार नाही. गुरचरण बंद. पायवाट बंद. ज्याचा वनहक्काचा दावा अजून पडून आहे त्याचा ताबा तुटला, मग उद्या मोजणीला माणूस आला की विचारणार, तुम्ही कसता कुठे? शेतात तर कुंपण आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सरकारी कागदावर एकदा ‘प्रदूषित जमीन’ असं लागलं की भाव पडतो, बँक हात वर करते आणि शेठ म्हणतो, नाहीतरी काय पिकतंय, देऊन टाका. ज्याने नासवली तोच स्वस्तात घेणार. वाण्याने आधी माप मारायचं आणि मग तुटीचं कर्जही त्यानेच द्यायचं, तसा हा प्रकार.

केबिन रोडच्या बैठकीत एका भावाने विचारलं, मजुरी मिळत असेल तर काय वाईट? गावातच काम मिळालं तर भाईंदरला येऊन नाक्यावर उभं राहावं लागणार नाही. हा प्रश्न खरा आहे, त्याला हसून उडवायचं नाही. कामासाठी घर सोडणं काय असतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण मग पुढचे प्रश्न त्याच दमात विचारा. किती दिवस मजुरी? लावणी आणि कापणी, म्हणजे वर्षातले किती? हातमोजे, बूट कोण देणार? कापणाऱ्या बाईच्या रक्तात शिसं आलं तर तपासणी कोण करणार, आणि पोटात पोर असताना ती तिथे कामाला जाणार काय? विषाच्या जमिनीवरचं काम रोजगार हमीच्या मजुरीत बसत नाही. कारखान्याला खरोखर साफसफाई करायची असेल तर ते धोक्याचं काम आहे, त्याला धोक्याच्या कामाचा पगार, विमा आणि तपासणी पाहिजे. हे कबूल नसेल तर तो रोजगार नाही, तो आपल्या छातीतून धूळ गाळायचा धंदा आहे.

पैसा कोणी द्यायचा?

या सगळ्या गोड बोलण्यात एक प्रश्न गाळलेला असतो. जमीन नासवली कोणी?

तारापूर औद्योगिक वसाहत बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशात पहिला नंबर आला. परीक्षेत नाही, घाणीत. आसपासच्या गावांचे ओढे, खाड्या, मासे, शेतं सगळ्यांनी किंमत मोजली. तक्रार घेऊन हरित लवादात कोण गेलं? मच्छीमार मांगेला समाजाची परिषद गेली, सरकार गेलं नाही. २०२२ च्या जानेवारीत लवादाने सांडपाणी केंद्राला आणि कारखान्यांना कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितलं, तर कारखानदार वरच्या कोर्टात गेले. इकडे भाईंदरचा कचरा उत्तनला धावगीच्या डोंगरावर पडतो. तिथल्या गावांनी वास, धूर आणि कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी यासाठी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. शहर स्वच्छ, डोंगर काळा. केबिन रोडवर रोज सकाळी घंटागाडी येते, ती कुठे जाते हे तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनीही विचारलं पाहिजे.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या घाणीने विहिरींचं पाणी लालसर झालं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट सांगितलं की घाण करणाऱ्यानेच साफसफाईचा सगळा खर्च द्यायचा. साफसफाईसाठी ३७ कोटी ३८ लाखांहून जास्त रक्कम ठरली. कंपनीने अर्जामागून अर्ज टाकून चालढकल केली, शेवटी २०११ मध्ये न्यायालयाने ती रक्कम चक्रवाढ व्याजासकट भरायला सांगितली. निकाल आपल्या बाजूचा, तरी पंधरा वर्षं. भोपाळमध्ये १९८४ साली वायू सुटला. कारखान्यात पडलेला ३३७ टन विषारी कचरा हलायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि तोही पिथमपूरला दुसऱ्या गावांच्या उशाला गेला. मातीतलं आणि पाण्यातलं विष तिथेच आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, ‘साफ करणारी रोपं’ ही आज साफसफाईपेक्षा तारीख वाढवून घ्यायची युक्ती जास्त आहे. कोर्टात सांगता येतं, साहेब, आम्ही शास्त्रीय प्रयोग करतोय, दहा वर्षं द्या. दहा वर्षांत अधिकारी बदलतात, कंपनी नाव बदलते, म्हातारा साक्षीदार मरतो. झाड हिरवं दिसतं, त्याचा फोटो चांगला येतो.

मग आपल्याला काय पाहिजे?

साफसफाई पाहिजेच. पण ज्याने घाण केली त्याच्या खर्चाने, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या अटीवर. आणि त्यासाठी जनुक बदललेल्या झाडांवाचून अडलेलं नाही.

नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उघड्याबोडक्या ढिगाऱ्यांवर जंगल उभं केलं. कशाने? साखर कारखान्याची मळी, मुळांना मदत करणारी बुरशी आणि जिवाणू, आणि साग, शिसव, कडुनिंब असली आपली ओळखीची झाडं. कोणाचं पेटंट नाही, बी पळून जायची भीती नाही. सांडपाण्यासाठी पाणकणीस आणि वाळ्याचे वाफे करता येतात, पण कारखान्याच्या हद्दीत, आपल्या नाही.

जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या कॅडमियमने भात विषारी झाला होता. बायांची हाडं नुसत्या खोकल्यानेही मोडत. त्या आजाराचं नावच ‘दुखतंय, दुखतंय’ असं पडलं. सरकारने १९६८ मध्ये कबूल केलं, लोकांनी १९७२ मध्ये कोर्टात खटला जिंकला. जिंकल्यावर त्यांनी नुसती भरपाई घेतली नाही. कंपनीकडून करार लिहून घेतला की गावकरी आपले तज्ज्ञ घेऊन खाणीत कधीही तपासणीला येतील आणि त्याचा खर्च कंपनी देईल. मग शेतांची माती बदलली, ते काम २०१२ पर्यंत चाललं. तीस वर्षांहून जास्त काळ ते लोक दर वर्षी तपासणीला जात राहिले. कारखान्याच्या फाटकातून आत जायचा हक्क, ही खरी साफसफाई. आपल्याला तो पाहिजे.

कायदा आपल्या हातात काय देतो?

आज देशात जनुक बदललेल्या एकाच पिकाची व्यापारी लागवड मान्य आहे, बीटी कापूस. बीटी वांग्याच्या वेळी सात शहरांत लोकांचं ऐकून घ्यावं लागलं, त्यात आपलं नागपूरही होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये वांगं थांबलं. मोहरीला २०२२ मध्ये केंद्राच्या समितीने वाट दिली, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली आणि ती अडकली. जमीन साफ करणारं असलं झाड आपल्या शेतात लावायला कोणालाही मोकळीक नाही. १९८९ च्या नियमांप्रमाणे केंद्राची समिती लागते, प्रयोगाला राज्याची हरकत नाही असा कागद लागतो, आणि जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली समिती असायला पाहिजे.

म्हणजे तुमच्या पाड्यावर आलेला माणूस तीनपैकी एक आहे. एकतर साधी रोपं मोठ्या नावाने विकतोय. नाहीतर बेकायदा काम करतोय. नाहीतर रोपं पुढे कधीतरी, आज फक्त जागा अडवून ठेवतोय. तिन्हीत आपलं भलं नाही.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आपला हक्क आहे, कलम ५ मध्ये जंगल, जैवविविधता आणि पाणलोट सांभाळायचा ग्रामसभेला अधिकार आहे. पेसा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा असं सांगितलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. खाण झाली नाही. तो अधिकार आपल्यालाही आहे. भाईंदरला पेसा नाही, पण केबिन रोडवर राहणाऱ्या ज्यांचं नाव गावाच्या यादीत आहे त्यांचं मत गावच्या ग्रामसभेत आहे. निम्म्या सदस्यांची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया लागतात. म्हणून त्या दिवशी एक खाडा पडला तरी चालेल, गावी या.

ठराव असा लिहा:

१) जनुक बदललेल्या कुठल्याही रोपाची, बियाण्याची लागवड किंवा प्रयोग आमच्या शेतात, गुरचरणात, जंगलात करायला ही ग्रामसभा परवानगी देत नाही.

२) आमच्या हद्दीत येणारं कारखान्याचं पाणी आधी बंद व्हावं. ते बंद झाल्याचं ग्रामसभेने बघितल्याशिवाय साफसफाईची कुठलीही योजना सुरू करू नये.

३) माती, विहिरी, बोअरिंग, भात आणि मासे यांची तपासणी सरकारने करावी, नमुने आमच्या समोर घ्यावेत आणि निकाल मराठीत पाड्यावर वाचून दाखवावा.

४) साफसफाईचा सगळा खर्च, आणि साफ होईपर्यंत दर वर्षीच्या पिकाची भरपाई, घाण करणाऱ्याने द्यावी. साफसफाई चालू असताना जमिनीचा सातबारा, वनहक्काचा दावा आणि वहिवाट यांना हात लावू नये.

५) साफसफाईसाठी झाडं लावायचीच असतील तर ती इथली, ओळखीची असावीत, आणि कापलेला पाला घातक कचरा म्हणून कारखान्याच्या खर्चाने नेल्याची पावती प्रत्येक खेपेला ग्रामसभेला मिळावी.

६) ग्रामसभेने निवडलेल्या पाच माणसांना, त्यात निदान दोन बाया, कारखान्यात तपासणीला जायचा हक्क मिळावा.

ठरावाच्या चार प्रती करा. एक कलेक्टर, एक प्रदूषण नियंत्रण मंडळ, एक प्रांत, आणि एक ग्रामसभेच्या दप्तरात. पोच घेतल्याशिवाय हात हलवायचा नाही. तोपर्यंत कोणीही कुठल्याही कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची नाही, आणि सातबाऱ्याचा फोटोसुद्धा काढू द्यायचा नाही.

१९४५ साली तलासरीजवळ झरीला वारली जमले तेव्हा त्यांनी एवढंच ठरवलं होतं की यापुढे फुकट राबायचं नाही. आज वेठ बदलली आहे. आता म्हणतात, आमचं विष तुमच्या जमिनीत राहू द्या, आमची झाडं तुमच्या जमिनीत वाढू द्या, तुमच्या हातांनी ती कापा, आणि वर आभार माना. ही वेठ आम्ही करणार नाही.

ज्याने घाण केली, त्यानेच ती काढावी!
आमच्या गावात आमची ग्रामसभा!